शेठचा क्विंटल

परक्या पुरुषाच्या उशाशी उभं राहून "उचला, उचला" असं ओरडायचं माझं वय नव्हतं, आणि आमच्यात तशी रीतही नाही. तरी जळगावात होते तोवर मी ते रोज सकाळी केलं. पदर खोचलेला, हाताला उडदाचं पीठ तसंच. समोर बाकड्यावर घरमालक उताणे, अंगात बनियन, छातीवर लोखंडी रॉड. सुरुवातीला इतकी लाज वाटायची की मी भिंतीवरच्या पालीकडे बघत उभी राहायची. शेठ खालून म्हणायचे, "अक्का, पाल नाही पडणार. रॉड पडेल. माझ्याकडे बघा."

शेठ म्हणजे आमचे घरमालक. मेहरूणला त्यांचं घर, घरामागे गोदाम, आणि गोदामाला लागून माझ्या दोन खोल्या. मी तिथे पापड लाटायची. उडदाचे, नागलीचे, आणि उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या. शेठची मार्केट यार्डात आडत, तूर-मूग-उडदाची. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन काढलेली. माणूस जैन, दिवस मावळला की पाण्याशिवाय तोंडात काही नाही, कांदा नाही, बटाटा नाही. आणि वय साठीला टेकलेलं. अशा माणसाने छातीवरून शंभर किलो वर ढकलायचा ध्यास घ्यावा, हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का? पण शेठचं डोकं वेगळ्याच वजनाचं होतं.

वजन हाच त्यांचा नाद. हातात आलेली वस्तू ते आधी वर-खाली करायचे, मग बोलायचे. पाहुणा आला की "या, बसा" राहिलं बाजूला, आधी त्याची बॅग उचलायचे. "चौदा किलो. चार दिवस राहणार दिसता." लग्नपत्रिका आली की तळहातावर ठेवून शेठाणींना सांगायचे, "अडीचशे ग्रॅमची पत्रिका आहे. खर्च इथेच झाला, जेवण पातळ असणार. घरून खाऊन जाऊ." एकदा माझ्या पापडाचं पुडकं उचललं आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या किलोत चार पापड जास्त जातात. मन चांगलं, धंदा वाईट." मी तोलून बघितलं. खरंच चार जास्त होते. तेव्हापासून मी त्यांच्यापुढून पुडकं न्यायचं झालं तर पदराखालून न्यायची.

त्यांच्या उशाशी मी उभी राहायला लागले त्याला एक सकाळ कारण. मी पीठ कुटत होते. गोदामातून आवाज आला, "अक्का... अक्का..." अगदी बारीक, विहिरीतून यावा तसा. मी लाटणं हातात घेऊनच धावले. चोर असेल तर असावं म्हणून. बघते तर शेठ बाकड्यावर, रॉड छातीवर बसलेला, तोंड लालबुंद.

"काढा," म्हणाले.

"कुठून काढू?"

"एका बाजूने प्लेट ढकला."

मी ढकलली. त्या बाजूच्या प्लेटा खाली घसरल्या, आणि दुसरी बाजू जी उलटली ती धाडदिशी फरशीवर. चार कबुतरं उडाली. शेठ उठून बसले, छाती चोळली आणि पहिला शब्द काय बोलावा? "शेठाणीला सांगू नका."

शेठाणी त्या वेळी पुढच्या खोलीत सामायिकाला बसलेल्या होत्या, त्या ध्यानात माणूस हलत नाही म्हणून निभावलं. नाहीतर त्या बाकड्याचं त्याच दिवशी सरपण झालं असतं. शेठने मग मला विनवलं. "रोज फक्त मागे उभ्या राहा अक्का. उचलायचं नाही. अडकलं तर दोन बोटं लावायची. माणसाला दोन बोटांचाच आधार लागतो, बाकीचं तो उचलतो." अशी गोड विनवणी, मी काय म्हणणार? हो म्हटलं. तेव्हापासून लाटणं कमरेला आणि मी उशाशी.

हे सामान त्यांनी धुळ्याहून आणलं होतं. तिकडे एक व्यायामशाळा बंद पडली, तिचं लोखंड भंगारात निघालं होतं. रॉड एक, वीस किलोचा. प्लेटांवर वीस-वीस असे आकडे ओतलेले. रॉड वीस, चार प्लेटा ऐंशी, झाला शंभर. शेठच्या तोंडी शंभर किलो हा शब्द कधी नव्हता. ते म्हणायचे क्विंटल. "अक्का, ज्या दिवशी पुरा क्विंटल छातीवरून वर जाईल, त्या दिवशी मी खरा आडत्या."

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या यार्डातले हमाल पूर्वी क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन पळत होते. त्यात काय मोठं?"

तर दुसऱ्या दिवशी यार्डातला सगळ्यात दांडगा हमाल गोदामात हजर. भाऊ म्हणतात त्याला सगळे. त्याला बाकड्यावर झोपवलं. दोनच प्लेटा लावून साठ ठेवलं होतं. भाऊने रॉड खाली घेतला आणि वर जाईना. दोन बोटं लावायची वेळ आली. उठून म्हणाला, "शेठ, पाठीवर कितीही टाका. हे छातीचं काम आपलं नाही बुवा." शेठ माझ्याकडे बघून हसले. वाद संपला.

मेहरूण तलावाकडच्या जिमचा मास्तर एकदा पापड घ्यायला आला होता, त्याला मी विचारलं, की बाबा, हे शंभर म्हणजे कितपत दुर्मिळ? तो म्हणाला, "मावशी, येतात सगळे शंभराच्या गप्पा मारत. साठ-सत्तरला अडकतात, फोटो काढतात, लग्न ठरलं की बंद. पुरा शंभर लावणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी, तीही पंचविशीतली, अंडी-चिकन खाणारी. साठीचा माणूस, तोही मुगाच्या वरणावर? मी तरी बघितला नाही." हे मी शेठना सांगितलं तर त्यांनी दोन दिवस मुगाचं वरण जास्तच प्रेमाने खाल्लं.

आणि मग एका सकाळी तो क्विंटल गेला. चारी प्लेटा लावलेल्या, रॉड छातीला टेकला, थांबला, आणि हळूहळू, जात्यात काही अडकल्यासारखा, वर गेला. मी माझी दोन्ही बोटं हवेत धरून उभी होते. लावली नाहीत, आईशपथ. शेठ उठले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले. कबुतरं नेहमीप्रमाणे उडाली.

इथे थांबायला हवं होतं. पण आनंद झालेला माणूस थांबतो का?

बातमी यार्डात गेली. व्यापारी म्हणाले, आम्हाला दाखवा. टेम्पोत घालून बाकडं, रॉड, प्लेटा शेठच्या दुकानापुढे नेल्या. लिलाव आटोपल्यावर सगळे गोळा झाले. शेतकरी पोत्यांवर चढून बघत होते. उशाशी मीच, कारण शेठ दुसऱ्या कुणाच्या भरवशावर झोपायला तयार नव्हते. तिथेही त्यांनी तो उचलला. टाळ्या, शाल, नारळ. शेठने अख्ख्या यार्डात पेढे वाटले, हमालांना, मापाड्यांना, चहावाल्याला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यावर शेठ, रॉड, आणि खाली मोठ्या अक्षरात "एक क्विंटल!" मागे अर्धी मी, तोंड उघडं, हातात लाटणं. व्हिडिओही सगळीकडे फिरला. त्यात शेठपेक्षा माझाच आवाज जास्त. धुळ्याहून लेकीचा फोन आला, "आई, तू काय करतेस तिकडे?" काय सांगणार? म्हटलं, पापड लाटते.

प्लेटा त्या रात्री दुकानातच राहिल्या. सकाळी हमाल भाऊला काय वाटलं कोण जाणे, क्विंटल डोळ्यांनी बघावा म्हणून त्याने रॉड आणि चारी प्लेटा उचलून दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. काटा ब्याण्णवावर थांबला.

शेठ आले. त्यांनी सगळं खाली उतरवलं, परत ठेवलं. ब्याण्णव. हे मला त्या हमालानेच नंतर सांगितलं, की शेठचा चेहरा बघवत नव्हता. आता नीट समजून घ्या, त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं. प्लेटांवरचे आकडे खरे म्हटले, तर काटा खोटा. काटा खोटा म्हणजे किती दिवस शेतकऱ्यांचा माल कमी तोलला गेला कोण जाणे. आणि काटा खरा म्हटला, तर शेठचा क्विंटल खोटा. त्यांच्या मुनीमजींनी जवळ येऊन हळूच सांगितलं, "शेठ, प्लेटा घरी पाठवून देतो. कुणी बघितलं नाही."

"मी बघितलं," शेठ म्हणाले.

दुकान बंद ठेवलं. लिलावाच्या दिवशी! काटा दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, तो आपली शिक्क्याची वजनं घेऊन आला. शेठ बाजूला हात जोडून उभे, मंदिरात उभे असतात तसे. त्याने सगळी वजनं ठेवून बघितली आणि म्हणाला, काटा बरोबर आहे. शेठने मोठा श्वास सोडला. आणि तो सोडून झाल्यावर खाली बसले.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर आले. दिवस मावळायला आला होता, पण जेवले नव्हते. म्हणाले, "अक्का, तूर वाळते म्हणून मी रोज तोलतो. मुगात ओल असते, उडदात माती असते, पोत्याचं वजन असतं, म्हणून तोलतो. लोखंड कुठे वाळतं? त्याला कुठे माती? आकडा ओतलेला आहे म्हटल्यावर मी तोललंच नाही. ज्याने घरी आलेली लग्नाची पत्रिका तोलली, त्याने हे तोललं नाही."

"शेठ, ब्याण्णव काय कमी आहे का? तुमच्या वयाला..."

"पेढे शंभराचे वाटले."

सकाळी त्यांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. मग मला म्हणाले, चला. कुठे, तर यार्डात. "तुम्ही साक्षीदार होत्या. सांगतानाही तुम्ही पाहिजेत." आयुष्यात मी इतकी खालमानेने कधी चालले नव्हते. शेठ पुढे, मी मागे, दुकानामागून दुकान. प्रत्येक पायरीवर तेच बोलायचे, "परवा मी क्विंटल उचलला म्हटलं, ते खोटं होतं. ब्याण्णव किलो होतं. तुम्हाला दिलेला पेढा खोटा होता." कुणी चहा मागवायचं, कुणी "अहो शेठ, सोडा हो" म्हणायचं. एकाने विचारलं, "मग आता पेढा परत करू का?" हसून सगळे लोळले. शेठ हसले नाहीत.

शेवटी त्यांच्याच दुकानासमोर आलो. तिथे पोत्यांवर काही शेतकरी बसले होते. शेठने त्यांच्यापुढेही तेच सांगितलं. त्यातले एक आबा, डोक्याला उपरणं, तंबाखू मळता मळता म्हणाले, "आठ किलो कमी ना? मग एवढं काय शेठ. कट्टी कापली समजा."

जो हशा उसळला म्हणता! शेतकरी हसले, हमाल हसले, मुनीमजीसुद्धा तोंड फिरवून हसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. कट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलला की ओल, माती, पोतं असं काहीबाही म्हणून क्विंटलमागे थोडं वजन कापून घ्यायचं. कायद्यात बसत नाही म्हणतात. पण आजोबा कापत होते, बाप कापत होता, शेजारचा कापतो, म्हणून सगळे कापतात. शेठही कापायचे. माझा भाऊ भडगावकडचा, गिरणाकाठी त्याची शेती, त्याचीही तूर ह्याच काट्यावर यायची आणि तिचीही कट्टी ह्याच काट्यावर जायची. त्यामुळे मला काही हसू आलं नाही. मी शेठकडे बघत होते.

शेठच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आबा काही टोचून बोलले नव्हते हो, सहज बोलले होते. तेच जास्त लागलं. शेठ गादीवर जाऊन बसले आणि बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "अक्का, माझं आठ किलो गेलं तर मी दुकान बंद ठेवलं, माणूस बोलावला, शिक्क्याची वजनं आणवली. ह्यांचं जातं तेव्हा हे तंबाखू मळतात."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दुकानात कट्टी बंद. शेजारचे आडते चिडले. "शेठ, तुम्ही वजन उचला, आम्हाला कशाला उघडं पाडता?" असं तोंडावर म्हणाले. एक जण तर म्हणाला, छातीवर रॉड पडून डोक्यावर परिणाम झाला. पण खरी गंमत, गंमत कसली, ती शेतकऱ्यांची झाली. त्यांना विश्वास बसेना.

माझा भाऊ तूर घेऊन आला तेव्हा मी पापड पोचवायला दुकानातच होते. माल तोलला गेला. भाऊ वाट बघत उभा. पुढे काही कापलं जाईना म्हणून त्याचा जीव वरखाली.

"शेठ, कट्टी?" त्याने विचारलं.

"नाही."

"नही? मंग भावमा मारशात का?"

"भाव लिलावात ठरला की नाही तुमच्यासमोर?"

"मंग मापमा मारेल व्हई. कोठे तरी मारशातच ना शेठ. आमले बठ्ठं समजस."

सगळं समजतं म्हणे ह्यांना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्खा भाऊ, आणि ज्यांच्या छपराखाली मी राहते त्यांना तोंडावर असं बोलतो! मी त्याला गप्प बस म्हणून डोळे वटारले. शेठ मात्र मान खाली घालून म्हणाले, "बोलू द्या अक्का. बरोबर बोलतात ते." आणि भावाला म्हणाले, "माल गाडीत भरा. कुठल्याही काट्यावर तोलून आणा. कमी भरला तर मी कबूल." भावाने खरंच पोती पुन्हा गाडीत चढवायला लावली, बाहेर जाऊन तोलून आला. वजन बरोबर भरलं. तरी त्याचा चेहरा काही सुटला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "येडा व्हयना का वं तुन्हा शेठ?"

पुढच्या खेपेला मात्र त्याने भरताची वांगी आणली, टोपलीभर, हिरवी, आमच्या बाजूची. शेठ वांगं खात नाहीत हे त्याला कुठे ठाऊक? शेठने टोपली हातात घेतली, वर-खाली केली, "साडेपाच," म्हणाले, आणि माझ्याकडे दिली. पण देताना हात थोडा थांबला होता. मी बघितलं.

बाकडं परत गोदामात आलं होतं. शेठने कमी पडलेले आठ किलो भरून काढायची युक्ती केली. नव्या प्लेटा घेतल्या नाहीत. म्हणाले, लोखंडावर आता माझा भरवसा नाही. दोन कापडी पिशव्या शिवून घेतल्या, माझ्याकडूनच, आणि त्यांत चार-चार किलो तूर भरून त्या रॉडच्या दोन्ही टोकांना बांधल्या. गोदामातल्या काट्यावर सगळं मिळून पुरा क्विंटल. पण पिशव्या लोंबतात, हलतात, एक पुढे जाते, एक मागे. रोज रॉड अर्ध्यात येऊन थांबायचा आणि मला दोन बोटं लावायला लागायची. मी बोटं लावली की शेठ डोळे मिटायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. पूर्वी मी लाजेने पालीकडे बघायची, आता लाज त्यांना.

पावसाळा गेला, थंडी गेली, ऊन तापायला लागलं, माझ्या बिबड्या गच्चीवर वाळायला लागल्या. त्या दिवसांत एका सकाळी तो क्विंटल वर गेला. पिशव्यांसकट. मी बोटं लावली नव्हती. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी दचकले.

शेठ उठले. रडले नाहीत. गेले आणि पिशव्या सोडून काट्यावर ठेवल्या. वाकून बघितलं. परत बघितलं. मग मला म्हणाले, "वाळली."

"काय वाळली?"

"तूर. महिने झाले ना भरून. उन्हाने वाळली. मूठभर कमी आहे."

"शेठ, मुठीने काय होतं? इथे मी आणि तुम्ही. आणि कबुतरं. कोण विचारतंय?"

त्यांनी पोत्यातून मूठभर तूर काढली, पिशवीत टाकली, काटा बघितला, गाठ मारली आणि परत बाकड्यावर आडवे झाले. "अक्का, उभ्या राहा."

त्या सकाळी दुसऱ्यांदा काही तो उठला नाही. हात संपले होते. मी बोटं लावली, शेठने डोळे मिटले. तो दिवस त्यांनी धरलाच नाही.

पुढे माझे गुडघे गेले आणि लेक मला धुळ्याला घेऊन आली. निघताना शेठाणींनी ओटी भरली. शेठनी माझी ट्रंक उचलून रिक्षात ठेवली आणि पहिल्यांदाच वजन सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. सकाळची वेळ. मी चहा गाळत होते.

"अक्का, झालं."

मला काय ते लगेच कळलं. "पुरा?"

"पुरा."

"अहो मग पेढे?"

"पेढे तर लोकांनी आधीच खाल्लेत," शेठ म्हणाले. आवाजात अजून ती खालची मान होती.

मी गाळणं खाली ठेवलं. मग मनात आलं ते विचारलं, "उशाशी कोण होतं? शेठाणी?"

"नाही. तुमचे भाऊ. भडगावहून तूर घेऊन आले होते, मुक्कामाला थांबले. पिशव्यासुद्धा मी नाही भरल्या. मी म्हटलं, तुम्हीच तोला. त्यांनी तीनदा तोललं."

"आणि? उचलल्यावर काय म्हणाला तो?"

"उचलल्याचं काही बोलले नाहीत." फोनवर मागून कबुतरांचा आवाज येत होता. "परत पिशव्या काट्यावर ठेवल्या, वाकून बघितलं, आणि म्हणाले, 'शेठ, काटा बराबर शे.'"